अपडेटनंतर रोज सकाळी होणारी डिस्क तपासणी: ती का येते आणि कशी थांबवावी

करवीर तालुक्यातील एका दूध संस्थेच्या सचिवांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. संस्थेच्या संगणकावर विंडोज ११ आहे. गेल्या महिन्यात त्यावर एक अपडेट झाले आणि तेव्हापासून रोज सकाळी संगणक सुरू करताना काळ्या पडद्यावर ‘स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह डी’ अशी ओळ येते. संकलन सहा वाजता सुरू होते, वजनकाटा आणि फॅट मशीन याच संगणकाला जोडलेले आहेत आणि उत्पादक किटल्या घेऊन रांगेत उभे असतात, त्यामुळे सचिव कळ दाबून ती तपासणी रद्द करतात. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर होते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात, एक बदल केला की तपासणी कायमची बंद होईल, असे त्यांना एका परिचिताने सांगितले आहे. तो बदल करावा का, असे त्यांचे विचारणे आहे.

मी कोल्हापुरात शाहूपुरीत बरीच वर्षे संगणक दुरुस्तीचे आणि देखभालीचे काम करतो. माझ्या ग्राहकांत दूध संस्था आणि विकास सेवा संस्था आहेत, उद्यमनगरातले कारखानदार आहेत आणि गुजरीतले सराफही आहेत, आणि अपडेटनंतर सुरू झालेली तपासणी ही या सर्वांकडे अधूनमधून येणारी तक्रार आहे. सरळ उत्तर आधी देतो: रजिस्ट्रीला हात लावू नये. तपासणी बंद कशी करावी असा आपला प्रश्न असला, तरी खरा प्रश्न असा आहे की डी ड्राइव्हवर तपासणीची खूण कशामुळे लागली आणि ती निघत का नाही. त्याचे उत्तर मिळाले की तपासणी आपोआप थांबते. ते न शोधता तपासणीच बंद केली, तर संस्थेचा हिशेब ज्या डिस्कवर आहे ती डिस्क खराब होत असल्याची सूचना आपण स्वतःच्या हाताने बंद केलेली असेल.

ही खूण म्हणजे काय ते आधी पाहू. विंडोज ज्या एनटीएफएस पद्धतीने डिस्कवर फायली ठेवते, त्या पद्धतीत प्रत्येक ड्राइव्हवर ‘डर्टी बिट’ नावाची एक छोटी नोंद असते. ड्राइव्हवरच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत असे विंडोजला आढळले, किंवा लिहायचे काम अर्धवट असतानाच संगणक बंद पडला, तर ही नोंद चालू होते. संकलन वहीच्या एखाद्या पानाची बेरीज जुळली नाही की सचिव त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवतात, आणि हिशेब जुळल्याशिवाय तो कोपरा सरळ करत नाहीत, तसाच हा प्रकार आहे. संगणक सुरू होताना, आपण लॉगिन करण्याच्या आधीच, ‘ऑटोचेक’ नावाचा एक छोटा प्रोग्राम सर्व ड्राइव्ह पाहतो आणि ज्यावर खूण असेल त्याची तपासणी सुरू करतो. तपासणी पूर्ण होऊन सर्व जुळले, तरच खूण निघते. आपण कळ दाबून तपासणी रद्द केली तर खूण तशीच राहते.

आपल्या प्रश्नातले निम्मे कोडे इथेच सुटते. बिघाड रोज होत असेलच असे नाही. तो कदाचित महिन्यापूर्वी एकाच रात्री झाला असेल, आणि त्यानंतर तपासणी एकदाही पूर्ण होऊ दिली नसल्यामुळे तीच जुनी खूण रोज सकाळी समोर येत असेल. म्हणून पहिली गोष्ट ही की एकदा तपासणी पूर्ण होऊ द्यावी, आणि ती सकाळी सहा वाजता नव्हे, तर दुपारी.

त्याआधी डेटाची प्रत काढणे आवश्यक आहे, आणि याबाबत मी कोणतीही सवलत देत नाही. सभासदांची खाती, दहा दिवसांची बिले, पशुखाद्याची उधारी, जे काही डी ड्राइव्हवर असेल ते सर्व बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्यावे आणि शक्य असल्यास आणखी एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ती संस्थेबाहेर ठेवावी. दुरुस्तीचा प्रोग्राम डिस्कवरच्या नोंदी बदलतो. ज्या फायलीचा धागा त्याला लागत नाही ती तो तोडून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो, आणि अशा तुकड्यांतून बिलांची फाईल पुन्हा उभी करणे फार जिकिरीचे असते. कॉपी करतानाच एखादी फाईल अडकत असेल किंवा वाचण्यात त्रुटी असल्याचा संदेश येत असेल, तर तेथेच थांबावे आणि डिस्क जाणकाराकडे न्यावी. अशा डिस्कवर दुरुस्ती चालवणे धोक्याचे असते.

प्रत हातात आली की पुढचे काम सकाळचे संकलन संपल्यानंतर आणि संध्याकाळचे सुरू होण्याआधी करावे. आपल्या बाबतीत एक सोयीची गोष्ट आहे: खूण डी ड्राइव्हवर आहे, सी वर नाही. ज्या ड्राइव्हवर स्वतः विंडोज आहे तो चालू संगणकात दुरुस्तीसाठी मोकळा करता येत नाही, म्हणून त्याची दुरुस्ती सुरू होतानाच करावी लागते. डी ड्राइव्हला ही अडचण नसते. संकलनाचे सॉफ्टवेअर पूर्ण बंद करावे. बऱ्याच सॉफ्टवेअरमागे डेटाबेसची एक सेवा पडद्याआड चालू असते, ती खिडकी बंद केल्यावरही फायली धरून ठेवते; तीही बंद करावी, आणि कशी ते माहीत नसेल तर सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला फोन करून विचारावे. मग स्टार्टच्या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबून ‘टर्मिनल (ॲडमिन)’ उघडावे. पुढील आज्ञा मी देवनागरीत लिहीत आहे. टाइप करताना प्रत्येक शब्दाची अक्षरे इंग्रजीत आणि सलग घ्यावीत, पण दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडावी.

आधी ‘एफएसयूटीआयएल डर्टी क्वेरी डी:’ ही आज्ञा द्यावी. उत्तरात ‘इज डर्टी’ असे आले तर खूण आहे, ‘इज नॉट डर्टी’ आले तर नाही. त्यानंतर ‘सीएचकेएनटीएफएस डी:’ ही आज्ञा द्यावी, कारण तपासणी येण्याचे दुसरेही एक कारण असते: कोणी तरी ती हाताने पुढच्या सुरुवातीसाठी नेमून ठेवलेली असते, आणि तसे असेल तर हे उत्तर ते स्पष्ट सांगते. खूण असल्याचे दिसले की ‘सीएचकेडीएसके डी: /एफ’ द्यावी. ड्राइव्ह वापरात आहे, तो जबरदस्तीने मोकळा करू का, असे विचारले गेले तर याचा अर्थ काहीतरी अजून उघडे आहे. ‘हो’ म्हणण्याऐवजी ते शोधून बंद करणे मला योग्य वाटते. ‘/एफ’ हा पर्याय फायलींच्या नोंदी तपासून दुरुस्त करतो. ‘/आर’ हा पर्याय त्याशिवाय डिस्कचा प्रत्येक भाग वाचून पाहतो. मोठ्या हार्ड डिस्कवर त्याला कित्येक तास लागतात आणि कमकुवत डिस्कवर तो ताण अनेकदा शेवटचा ठरतो, म्हणून संशय असलेल्या डिस्कवर मी तो चालवत नाही.

तपासणी संपल्यावर येणारा अहवाल वाचावा. त्यातील सर्वांत महत्त्वाची ओळ बॅड सेक्टरची, म्हणजे डिस्कच्या खराब झालेल्या भागांची आहे. तिथे शून्य केबी असेल तर निदान चांगल्या दिशेने चालले आहे. सकाळी सुरू होताना कधी तपासणी पूर्ण झाली असेल, तर तिचा अहवालही संगणकात जपलेला असतो: ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधील ‘ॲप्लिकेशन’ या विभागात ‘विनिनिट’ या स्रोताची १००१ क्रमांकाची नोंद शोधावी.

आता पुन्हा ‘डर्टी क्वेरी’ची आज्ञा द्यावी. खूण निघाली असेल, दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी आली नाही आणि पुढेही येत नसेल, तर काम झाले. पण काही दिवसांत ती परत आली तर शोध घ्यावा लागतो, आणि येथून पुढे उत्तर आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहे. मी आपला संगणक पाहिलेला नाही, त्यामुळे ज्या क्रमाने मी शंका घेतो तो क्रम सांगतो.

शोधाची सोपी रीत अशी. संध्याकाळी संगणक बंद करण्याआधी रोज ‘डर्टी क्वेरी’ची आज्ञा देऊन उत्तर वहीत लिहावे. संध्याकाळीच खूण दिसली तर ती दिवसभरात, संगणक चालू असतानाच लागली आहे, आणि मग डिस्क, केबल किंवा ड्रायव्हर (विंडोजमधला डिस्क हाताळणारा छोटा प्रोग्राम) यांच्याकडे पाहावे. संध्याकाळी खूण नव्हती आणि सकाळी तपासणी आली, तर दोष संगणक बंद होण्याच्या पद्धतीत किंवा विजेत आहे. या एका नोंदीने अर्धा तपास पूर्ण होतो.

आपल्यासारख्या संस्थांत दुसरी शक्यता मला जास्त आढळते, आणि अपडेटशी खरा संबंध तिथेच आहे. एरवी संगणक अर्ध्या मिनिटात बंद होतो. अपडेट उतरलेले असेल तेव्हा तोच संगणक बंद व्हायला कित्येक मिनिटे घेतो आणि पडद्यावर ‘संगणक बंद करू नका’ अशी सूचना असते. पण संकलन आटोपल्यावर ऑपरेटर शट डाउन दाबतो, लगेच मॉनिटरचे बटण बंद करतो, कॅन धुतलेल्या जागेवर एक नजर टाकतो आणि जाताना मेन स्विच पाडतो. सूचना त्याला दिसतच नाही. डी ड्राइव्हवर अपडेट काही लिहीत नसले, तरी त्या क्षणी तो ड्राइव्ह उघडा असतो, आणि हार्ड डिस्कच्या स्वतःच्या स्मृतीत ठेवलेला, अजून चकतीवर न उतरलेला मजकूर वीज जाताच नाहीसा होतो. एनटीएफएस आपल्या बदलांची रोजनिशी ठेवते आणि अचानक गेलेल्या विजेतून बहुतेक वेळा स्वतःच सावरते. बहुतेक वेळा, प्रत्येक वेळी नाही. म्हणून ऑपरेटरला एकच नियम घालून द्यावा: मॉनिटर शेवटी बंद करायचा आणि कॅबिनेटवरचा दिवा पूर्ण विझल्याशिवाय मेन स्विचला हात लावायचा नाही.

अपडेट बंद करून टाकणे हा यावरचा उपाय मला मान्य नाही, कारण संस्थेच्या संगणकावर सभासदांचा पैसा नोंदलेला असतो आणि सुरक्षेची अपडेट त्यासाठीच असतात. त्याऐवजी अपडेटची वेळ आपण ठरवावी. सेटिंग्जमधील विंडोज अपडेटमध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ हा पर्याय आहे आणि तो जास्तीत जास्त १८ तासांचा ठेवता येतो. पहाटे ५ ते रात्री १० ही वेळ दिली की त्या काळात संगणक स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. तिथेच अपडेट काही आठवडे थांबवूनही ठेवता येते. महिन्यातून एक दुपार राखून ठेवावी, स्वतः अपडेट करून घ्यावे, रीस्टार्ट करावे आणि सर्व स्थिर झाल्याची खात्री करून मगच संध्याकाळच्या संकलनाला बसावे.

यानंतर ‘फास्ट स्टार्टअप’कडे पाहावे. विंडोज ८ पासून शट डाउन म्हणजे पूर्ण बंद होणे राहिलेले नाही: विंडोजचा गाभा एका फाईलमध्ये साठवला जातो आणि सकाळी तिथूनच उचलला जातो. त्यामुळे सुरुवात लवकर होते, पण ही साठवण चालू असताना वीज गेली, किंवा डी ची डिस्क मधल्या काळात दुसऱ्या संगणकाला लावली, तर नोंदींमध्ये तफावत पडू शकते. मोठ्या अपडेटनंतर, आधी बंद ठेवलेला हा पर्याय पुन्हा चालू झालेला मी पाहिला आहे. ओळखण्याची खूण अशी की रीस्टार्ट केल्यावर तपासणी येत नाही आणि शट डाउन करून सुरू केल्यावर येते, कारण रीस्टार्टमध्ये विंडोज खरोखर पूर्ण बंद होते. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाने काय करावे हे ठरवण्याच्या पानावर हा पर्याय बंद करता येतो. एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क) असलेल्या संगणकात त्यामुळे सुरुवातीला काही सेकंदच जास्त लागतात.

विजेबाबत आणखी एक गोष्ट. राधानगरी, गगनबावडा, पन्हाळा या बाजूला पावसाळ्यात दिवसातून अनेकदा लाईट जाते आणि बहुतेक संस्थांत इन्व्हर्टर असतो, तरीही लाईट जाताच संगणक बंद पडतो अशी तक्रार येते. अनेक इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असे निवडीचे बटण असते. नॉर्मलवर असताना बॅटरीवर जाण्यास जो वेळ लागतो तेवढा संगणक तग धरत नाही. बटण यूपीएसवर असावे. स्वतंत्र यूपीएस असेल तर महिन्यातून एकदा, सॉफ्टवेअर बंद असताना, त्याचा प्लग काढून तो किती वेळ टिकतो ते पाहावे. जुन्या बॅटरीचा यूपीएस एकदा शिट्टी वाजवून लगेच बंद पडतो.

संध्याकाळीच खूण दिसत असेल तर मात्र कॅबिनेट उघडावे लागते. माझा अंदाज असा आहे, आणि तो चुकीचा असू शकतो, की आपल्या संगणकात विंडोज नव्या एसएसडीवर आहे आणि डी ही आधीच्या संगणकातून काढून बसवलेली जुनी हार्ड डिस्क आहे. दूध संस्थांत ही रचना सर्रास असते. अशी डिस्क बसवताना तिला मदरबोर्डशी जोडणारी जुनीच साटा केबल वापरलेली असते. तिच्या टोकाची धातूची छोटी पकड मोडलेली असते, फॅट मशीनच्या खोलीतल्या ओलाव्याने संपर्काच्या पट्ट्या काळवंडलेल्या असतात, आणि टेबलाला धक्का लागला तरी ती सैल होते. याचा पुरावा डिस्क स्वतः जपून ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम उघडून डिस्कच्या ‘स्मार्ट’ नोंदी, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवलेले आकडे, पाहाव्यात. तिथे ‘यूडीएमए सीआरसी एरर काउंट’ हा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो. हा आकडा केबल बदलल्यावर मागे जात नाही, फक्त वाढायचा थांबतो, म्हणून आजचा आकडा लिहून ठेवावा आणि आठवड्याने पुन्हा पाहावा. याउलट ‘रिॲलोकेटेड सेक्टर’ किंवा ‘करंट पेंडिंग सेक्टर’ यांचे आकडे शून्याच्या वर असतील आणि वाढत असतील, तर डिस्क संपत आली आहे. अपडेट आणि तिचा संबंध तेव्हा केवळ वेळेचा असतो. अशा डिस्कवर दुरुस्ती करत बसू नये. डेटा नव्या डिस्कवर हलवावा आणि तिला निवृत्त करावे.

अपडेट स्वतः दोषी असू शकते का? क्वचित असते. डिसेंबर २०२० मध्ये विंडोज १० च्या २००४ आणि २०एच२ या आवृत्त्यांसाठी आलेल्या केबी४५९२४३८ या अपडेटनंतर काही थोड्या संगणकांवर ‘/एफ’ची दुरुस्ती चालवताच फाईल रचना बिघडत होती आणि संगणक सुरू होत नव्हता. मायक्रोसॉफ्टने ते मान्य करून दुरुस्ती पाठवली. अपडेटमधून आलेला डिस्क कंट्रोलरचा नवा ड्रायव्हरही क्वचित त्रास देतो, आणि डिव्हाइस मॅनेजरमधून आधीच्या ड्रायव्हरवर परत जाता येते. पण हे निदान मी शेवटी करतो, कारण केबल आणि वीज तपासायला खर्च जवळजवळ नसतो.

आता तपासणी बंद करण्याविषयी. ‘सीएचकेएनटीएफएस /एक्स डी:’ या आज्ञेने डी ड्राइव्ह सुरुवातीच्या तपासणीतून वगळता येतो. दहा दिवसांच्या बिलाचा दिवस आहे, प्रत काढून ठेवलेली आहे आणि डिस्क दोन दिवसांनी बदलायचीच आहे, अशा वेळी मीही ती वापरतो. ती खूण काढत नाही, फक्त तिच्याकडे पाहणे थांबवते. दोन ड्राइव्ह वगळायचे असतील तर ते एकाच आज्ञेत द्यावे लागतात, कारण नंतर दिलेली आज्ञा आधीची पुसून टाकते, आणि ‘सीएचकेएनटीएफएस /डी’ दिले की सर्व पूर्ववत होते. आपल्या परिचितांनी सुचवलेला बदल बहुधा रजिस्ट्रीतील ‘बूटएक्झिक्यूट’ या नोंदीचा असावा. ती नोंद रिकामी केली तर सी ड्राइव्हसह सर्वच ड्राइव्हची सुरुवातीची तपासणी जाते, आणि असे केले होते हे पुढच्या सचिवांना कुठेही लिहिलेले सापडत नाही.

ज्यांच्या संगणकावर लिनक्स आहे त्यांच्यासाठी एक वेगळे कारण सांगतो. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याच्या आकाराचा सेल संपला की घड्याळ काही वर्षे मागे जाते, आणि लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीच्या ड्राइव्हवरची शेवटच्या वापराची वेळ भविष्यातली दिसू लागल्यामुळे तपासणी सुरू होऊ शकते. सेल बदलून घड्याळ नीट लावले की ती थांबते. विंडोजमध्ये चुकलेल्या घड्याळाने खूण लागत नाही, पण संकलनाच्या नोंदींवर चुकीची तारीख पडते, त्यामुळे सेल तिथेही बदलावाच.

दुपारची तपासणी पूर्ण केल्यावरही खूण परत आली, तर संध्याकाळच्या उत्तरांची आठवडाभराची नोंद, स्मार्टमधील ते तीन आकडे, आणि इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘सिस्टीम’ विभागात ‘एनटीएफएस’ची ५५, ‘डिस्क’ची ७ किंवा १५३ आणि ‘कर्नल-पॉवर’ची ४१ या क्रमांकांच्या नोंदी कोणत्या तारखांना आहेत ते कळवावे. ४१ ची नोंद संगणक नीट बंद न झाल्यावर पुढच्या वेळी तो सुरू होताना पडते, म्हणून तिच्या तारखा तपासणी आलेल्या सकाळींशी जुळत असतील तर मेन स्विच आणि इन्व्हर्टर पाहू. ७ किंवा १५३ जास्त असतील तर आधी केबल बदलून पाहू, आणि आकडे तरीही वाढत राहिले तर नवी डिस्क घ्यावी लागेल.